माझ्या हातची घंटा

दिवेलागणीला आईच्या खोलीतून हाक यायची, "आहेस का रे?" मी जिथं असेन तिथून, म्हणजे बहुतेक वेळा सोफ्यावरून, "आहे" म्हणायचो. एवढंच. मी पासष्टी ओलांडलेला, सरकारी कारखान्यातून रिटायर झालेला इंजिनियर, एका कानात मशीन, दोन्ही गुडघ्यांत कुरबुर. तरी शाळेतल्या पोरासारखी रोज संध्याकाळी माझी हजेरी व्हायची. बायको स्वयंपाकघरातून म्हणायची, "झाली ना हजेरी? मग आता खाली जाऊन कोथिंबीर आणा."

एकदा मी गंमत म्हणून उत्तर दिलं नाही. गमती करायची मला खोड आहे, आणि माझ्या गमतींना अंगाशी यायची. आईनं पुन्हा हाक मारली. मग आणखी एकदा. मग सगळं शांत झालं. मी पेपराआड तोंड लपवून हसत बसलो होतो. वर बघितलं तर ती हॉलच्या दारात उभी, वॉकर न घेता, भिंतीला धरून आलेली. नव्वदीला टेकलेली बाई. ती माझ्याकडे बघत होती, पण सोफा रिकामा असल्यासारखी बघत होती. "आई, मी आहे," मी म्हणालो. तिला ते पटायला वेळ लागला. तेव्हापासून मी बाथरूममधूनसुद्धा "आहे" असं ओरडायचो, आणि वरच्या मजल्यावरच्यांना ते शॉवरमधून ऐकू जायचं.

याचं मूळ फार लांब, हिमालयात होतं. मी चारेक वर्षांचा असताना वडील अल्मोडा जिल्ह्यात पाहणीच्या कामावर होते. तिथल्या एका नदीवर धरण होऊ शकेल का, हे बघायचं होतं. धरण काही झालं नाही; मी मात्र हरवलो. राहायच्या घरामागं देवदाराचं रान होतं, त्यात खेळत खेळत आत गेलो म्हणे. गावातली माणसं कंदील घेऊन रात्रभर फिरली, आणि रात्रभर पाऊस. सकाळी मी सापडलो तो डोंगराच्या धारेवरच्या एका छोट्या देवळाच्या पायरीवर. त्या मुलखात न्याय देणारा एक देव आहे. त्याच्याकडे मागितलेलं मिळालं की लोक त्याच्या देवळात घंटा बांधतात. कमानीला, कठड्याला, छपराच्या वाशांना, जिथं जागा मिळेल तिथं घंटा. त्या सगळ्या घंटांखाली मी मांडी घालून बसलो होतो आणि माझा सदरा कोरडा होता.

"इथं कसा आलास?" असं वडिलांनी विचारलं, तर मी म्हणालो, "तो म्हणाला, बस."

तो कोण, ते मला सांगता आलं नाही. मला यातलं काहीही आठवत नाही. आईला मात्र सगळं आठवतं, सदऱ्याच्या तुटक्या बटणासकट.

त्या रात्री आईनं नवस बोलला होता, की पोरगा मिळाला तर मोठा झाल्यावर त्याच्या हातची घंटा त्या देवाच्या देवळात बांधीन. विकतची नाही, त्याच्या हातची. पुढं वडिलांची बदली बेंगळुरूला झाली. मग माझी शाळा, कॉलेज, नोकरी, लग्न, मुलींची शाळा, मुलींचं कॉलेज. "पुढच्या मे महिन्यात जाऊ" हे आमच्या घरातलं सगळ्यात जुनं वाक्य. आधी वडील म्हणायचे, त्यांच्यानंतर मी. आई ऐकून घ्यायची आणि म्हणायची, "त्यानं तुला माझ्याकडे नुसतं सांभाळायला दिलंय. घंटा बांधली की मग माझा." म्हणून ती हजेरी. देवानं अजून नेलं नाही ना, हे रोज बघून घ्यायचं.

मी हे सगळं चारचौघांत रंगवून सांगायचो. नक्कल करून. लोक हसायचे.

गेल्या दिवाळीच्या आसपास आईला घंटा ऐकू यायला लागली.

दिवे लावले की ती मान जराशी कलती करायची. "ऐकलीस?" मी कानातलं मशीन नीट करून ऐकायचो. खाली रिक्षा, लांबून यशवंतपूर स्टेशनातली गाडी, शेजारच्या घरातला कुकर. घंटा नाही. "कसली घंटा गं?" "तिथली," ती म्हणायची. जेवण कमी झालं. झोपेतून उठून ती माझ्या पांघरुणावर हात ठेवून बघायला लागली. डॉक्टर म्हणाले, वय झालंय, कानात असे आवाज येतात. आई त्यांच्यासमोर गप्प बसली आणि गाडीत मला म्हणाली, "माझे कान चांगले आहेत. तुझे गेलेत."

आता माझी सगळी नोकरी आवाज मारण्यात गेलेली. कुठलं मशीन कशानं थरथरतं, कुठून गुणगुणतं, ते शोधायचं आणि त्याचं तोंड बंद करायचं, याचाच मी पगार घेतला. तेव्हा मला वाटलं, हा तर आपलाच विषय. मी स्टीलचा पेला उपडा करून भिंतीला लावला आणि कान त्याला. आमच्या घरातल्या सगळ्या भिंती झाल्यावर मी जिन्यातून निघालो. लिफ्टचा दरवाजा, पाण्याचा पाइप, मीटरची खोली. शेवटी समोरच्या फ्लॅटच्या दाराला पेला लावून डोळे मिटून उभा होतो, तेवढ्यात दार उघडलं. मी पेल्यासकट आत.

"एनु अंकल?" समोरची बाई म्हणाली. काय झालं, असं तिला विचारायचं होतं. ओरडायचं ती विसरलीच.

"स्वल्प... सद्दु," मी म्हणालो. थोडासा आवाज. माझं कन्नड एवढंच. साठ वर्षं या गावात काढून मी स्वल्पच्या पुढं गेलो नाही.

पण गुन्हेगार सापडला. तिच्या बाल्कनीत वाऱ्यावर किणकिणणाऱ्या नळ्या टांगलेल्या होत्या. मी आईचं सांगितलं. "सरी, अंकल," म्हणजे बरं, असं म्हणून तिनं बिचारीनं लगेच काढून टाकल्या. मी विजयी मुद्रेनं घरी आलो, बायकोला चहा टाकायला सांगितला आणि दिवेलागणीची वाट बघत बसलो. दिवे लागले. आईनं मान कलती केली.

"आज जरा जवळून आली," ती म्हणाली.

चहा तसाच राहिला. बायकोनं माझ्याकडे बघितलं. त्या दिवशी तिनं टोमणा मारला नाही, त्यावरून मला कळलं की आता घंटा करावी लागणार.

पीण्या या कारखान्यांच्या भागात माझ्या एका जुन्या सहकाऱ्याचं छोटं वर्कशॉप आहे. त्याचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या बेंगळुरूचं. मराठी घरात, बाकी सगळं कन्नडात, त्यामुळं त्याच्या मराठीला कन्नडाची फोडणी असते. मला तो अण्णा म्हणतो.

"घंटा काय, अण्णा, तुम्ही तोफ म्हणा, आपण लेथवर टर्न करू," तो म्हणाला. "मटेरियल काय धरलंय?"

"तुझ्याकडे काय आहे?"

"गनमेटलचा बार पडलाय. बुशसाठी आणलेला. एक नंबर माल."

ज्यांचा या धंद्याशी संबंध नाही त्यांच्यासाठी सांगतो. घंटा ओतायची असते, काशाची, पातळ कडेची, सैल टांगलेली. हे कुठल्याही भांडेवाल्याला विचारलं असतं तरी कळलं असतं. बुश म्हणजे फिरत्या दांड्याभोवती बसवायचं कडं, आणि आवाज न करणं हा त्याचा गुण. आम्ही दोघं त्या बारकडे प्रेमानं बघत होतो, आणि दोघांपैकी एकाच्याही डोक्यात हे आलं नाही. आम्ही आयुष्यभर चांगला माल म्हणजे गप्प माल असंच धरून चाललो होतो.

ड्रॉइंग मी स्वतः केलं. इतकं मन लावून मी नोकरीतही काम केलं नव्हतं. घंटा कायमची उघड्यावर राहणार, तेव्हा कड जाड ठेवली. वाऱ्यानं थरथरून तडा जाऊ नये म्हणून आतून पट्टी दिली. लोलक आपटून आपटून आतली बाजू झिजेल, म्हणून लोलकाच्या टोकाला नायलॉनची टोपी, दाबून बसवलेली, पुन्हा निघणार नाही अशी. टांगायला क्लॅम्प, क्लॅम्पखाली रबराचे वॉशर, वर लॉकनट. खाली सही करताना माझी छाती भरून आली होती.

घंटा माझ्या हातची हवी, म्हणून लेथचं चाक मीच फिरवलं. मित्रानं माझा हात वरून धरला होता, पाटीवर गिरवायला शिकवतात तसा. "स्वल्प हळू, अण्णा, स्वल्प हळू," असं तो म्हणत होता तोवर पहिलं टूल मोडलं. दुसरंही मोडलं. पण संध्याकाळपर्यंत घंटा झाली. पिवळट, गुळगुळीत, नारळाएवढी, उचलायला दोन्ही हात लागतील अशी जड.

आईनं बजावलं होतं, देवाआधी वाजवायची नाही. पण टेस्ट न करता माल बाहेर काढायचा नाही, हेही आमच्या रक्तात. आम्ही शेडचं दार ओढून घेतलं आणि चोरासारखा एकदाच लोलक हलवला. शेजारच्या शेडमध्ये पॉवर प्रेस धडधडत होता. आमचे दोघांचेही कान कारखान्यांनी खाल्लेले.

"वाजली ना?" मी विचारलं.

"हो हो. छान वाजली. तुम्हाला?"

"मस्त," मी म्हणालो.

घरी आईनं घंटेवरून हात फिरवला आणि आपल्या एका जुन्या इरकलीत ती गुंडाळून दिली. विमान, उंची, थंडी, यातलं काहीच तिला झेपणारं नव्हतं. बायको तिच्यापाशी राहणार आणि मी तिथून फोन लावणार, असं ठरलं. "मला ऐकव," आई म्हणाली. "मी ऐकली की सुटले." निघताना तिनं माझी बाही धरली. "बांध आणि लगेच माघारी फिर. तिथं बसू नकोस. कुणी बस म्हणालं तरी बसू नकोस."

"आणि गुडघे दुखले तर?" मी चेष्टेनं म्हणालो.

ती हसली नाही.

विमानतळावर बॅग मशीनमधून गेली आणि पट्टा थांबला. पडद्यावर माझ्या लोकरी मोज्यांच्या मधोमध एक काळाकुट्ट गोळा दिसत होता. त्यातून किरणच जात नव्हते. गणवेशातल्या बाईनं विचारलं, "ये क्या है?"

"घंटी है."

तिनं इरकल सोडली. घंटा बघितली, मला बघितलं. "बजाके दिखाइए."

"नहीं बजा सकते," मी म्हणालो. "भगवान के पहले नहीं."

मागं रांग वाढत होती. एक जण म्हणाला, बजा दो ना अंकल, फ्लाइट छूटेगी. मी छाती पुढं काढून उभा राहिलो. धर्मासाठी तुरुंगात जायचीही तयारी होती. शेवटी तिनं मला काउंटरवर परत पाठवलं, आणि घंटा विमानाच्या पोटातल्या सामानात गेली. त्या वेळी मी तो लोलक एकदा हलवून दाखवला असता, तर माझी अब्रू विमानतळावरच गेली असती आणि पुढचा प्रवास वाचला असता.

दिल्लीहून काठगोदामला रेल्वे, तिथून टॅक्सी. रस्ता डोंगराला गुंडाळलेला. टॅक्सीवाला कमी बोलणारा पहाडी माणूस होता, पण आपल्या जिल्ह्याचा त्याला अभिमान होता. अल्मोड्याच्या बाजारात त्यानं मला बालमिठाई खायला लावली. खव्याच्या तपकिरी वड्या, वर होमिओपॅथीच्या गोळ्या चिकटवल्यासारखे साखरेचे दाणे. दुसऱ्या दिवशी सकाळी एका वळणावर त्यानं गाडी थांबवली आणि समोर हात केला. मी हिमशिखरांचे भराभर फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकले. खाली लिहिलं, नंदादेवी, त्रिशूल. टॅक्सीवाल्यानं फोनमध्ये डोकावून बघितलं आणि म्हणाला, "साब, ये तो बादल है. पहाड़ इसके ऊपर है."

मी मान वर केली. मग आणखी वर. ढग जिथं संपत होते त्याच्याही वर, आकाशाच्या जागेत, ती शिखरं होती. मघापासून तिथंच होती, आणि आपण त्यांच्याकडे बघत नाही हे बघत होती. मला उगाचच हात जोडावेसे वाटले आणि जोडले तर टॅक्सीवाल्याला दिसतील म्हणून मी चष्मा पुसला.

वाटेत त्यानं जागेश्वरला थांबवलं. दोन डोंगरांच्या बेचक्यात देवदारांची दाट राई आणि तिच्यात जुनी दगडी देवळं, लहान-मोठी, एकमेकांना खेटून, जत्रेत गर्दी करून उभी असावीत तशी. दगडाला शेवाळ, आणि ओहोळाचं पाणी. मी एका देवदाराच्या बुंध्याशी उभा राहिलो. वासानं मला धरलं. ओला, गोडसर, पेन्सिल तासल्यासारखा वास. मला काही आठवत नाही असं मी आयुष्यभर सांगत आलो होतो. आठवलं काहीच नाही. पण माझे पाय ओळखत होते. ते थंड पडले होते, आणि उजवा हात आपोआप वर गेला होता, लहान मूल मोठ्या माणसाचं बोट धरायला वर करतं तेवढा वर. मी तो खिशात घातला. कानातलं मशीन एवढ्या शांततेत नुसतंच शूं करत होतं. टॅक्सीवाल्यानं हाक मारली तेव्हा मी जवळजवळ "आहे" म्हणालो.

धारेवरच्या देवळाशी पोचलो तेव्हा ऊन उतरत होतं. देऊळ खरंच छोटं. आमच्या सोसायटीतली सिक्युरिटीची खोली मोठी असेल. पण घंटा. आईचं वर्णन मी इतक्या वेळा रंगवून सांगितलं होतं की मला ते माझंच वाटायला लागलं होतं, आणि तरीही ते थोडंच होतं. वाटेच्या दोन्ही बाजूंनी लोखंडी दांडे, त्यांना घंटा. बोटाएवढ्या, बादलीएवढ्या, हिरव्या पडलेल्या, नव्या कोऱ्या, एकीच्या गळ्यात दुसरी. वारा नव्हता. एकही हलत नव्हती. एवढ्या तोंडांनी एकदम गप्प बसलेलं मी कधी बघितलं नव्हतं.

पुजारी मोबाइलवर क्रिकेट बघत होता. मी पूर्ण हकीगत सांगायला सुरुवात केली, तर त्यानं अर्ध्यातच मान हलवली. इथं येणाऱ्या प्रत्येकाची एक हकीगत असते. त्यानं एका दांड्यावरची मोकळी जागा दाखवली. मी पाना काढला, क्लॅम्प बसवला, वॉशर, लॉकनट. तो कौतुकानं बघत होता. "बहुत मज़बूत है," तो म्हणाला. "भूकंप में भी नहीं हिलेगी." हळदकुंकू वाहून तो आत गेला.

फोन लागला. पडद्यावर आमचा हॉल, बायकोचं कपाळ, मग आईची खोली. "पोचले हं ते," बायको म्हणाली आणि फोन आईच्या कानाला लावला. आता मला फक्त आईच्या कानाची पाळी आणि पांढरे केस दिसत होते. पलीकडे तिला मी दिसत नव्हतो.

"आई, वाजवतो."

"हं."

मी लोलक धरला आणि हाणला.

टक.

मला वाटलं, नीट लागला नाही. पुन्हा हाणला.

टक.

दारावर कुणीतरी एका बोटानं वाजवावं, तसा आवाज. त्याच्यामागं काहीच नाही. ना कंप, ना गुंज. मी कानातलं मशीन वाढवलं आणि तिसऱ्यांदा हाणला. टक. आतून पुजाऱ्यानं मान बाहेर काढून बघितलं, कुणी आलंय का म्हणून.

कुठल्याही घंटेनं केला नसेल इतका कमी आवाज माझ्या घंटेनं केला होता. चाळीस वर्षांच्या नोकरीत मला कुठलंच मशीन इतकं पूर्ण गप्प करता आलं नव्हतं. मला हसू यायला हवं होतं. पण फोनमध्ये ती कानाची पाळी होती, न हलणारी, आणि मला एवढंच कळत होतं की ती बाई साठ वर्षं ज्याची वाट बघत होती ते आता झालं आणि झालंच नाही. माझ्या घंटेशेजारी एक मोठी काशाची घंटा होती. नुसतं बोट लावलं असतं तरी दरीभर वाजली असती. आईला काय कळणार होतं. माझा हात तिच्याकडे गेला.

"थांब," फोनमधून आई म्हणाली. "हात लावू नकोस. वाजू दे ती."

माझा हात तसाच राहिला.

"अहो," बायको हळूच बोलली, "नेटवर्क नाहीये वाटतं, आम्हाला काहीच..."

"श्श," आई म्हणाली.

ती ऐकत होती. मी तिच्या केसांकडे बघत होतो. डोंगरांवरचा उजेड तांबूस झाला आणि गेला. किती वेळ गेला ते मला सांगता येणार नाही. मोजायचं माझ्या लक्षात आलं नाही, आणि मी जिन्याच्या पायऱ्यासुद्धा मोजणारा माणूस आहे. शेवटी आईनं मोठा श्वास सोडला.

"केवढा वेळ वाजली रे," ती म्हणाली. "झालं आता." आणि मग, आवाज न चढवता, "बसलास का? ऊठ."

मी खाली बघितलं. मी देवळाच्या पायरीवर बसलो होतो. मांडी घालून. माझे गुडघे असे आहेत की बसताना मला काहीतरी धरावं लागतं, तोंडानं आई गं म्हणावं लागतं, आणि मांडी तर मी कित्येक वर्षांत घातलेली नाही. कधी बसलो, ते मला माहीत नव्हतं. कुणी बस म्हणालं का, तेही माहीत नाही.

"ऊठ," आई म्हणाली. "आणि मागं न बघता घरी ये."

मी उठलो. आणि माझी खोड तुम्हाला ठाऊक आहे. वळणावर मी मागं बघितलंच. सगळ्या घंटा मघासारख्याच स्तब्ध होत्या. माझीही. फक्त तिचा लोलक हलत होता, सावकाश, इकडून तिकडे. माझ्या हिशोबानं तो केव्हाच थांबायला हवा होता.

घरी आलो तर आई जेवत होती. भात मागून घेऊन जेवत होती. बायको म्हणाली, "त्या दिवसापासून घंटा बंद. सलग झोपतात." समोरच्या बाईच्या बाल्कनीत पुन्हा नळ्या लागल्या, कारण आईनंच तिला बोलावून सांगितलं, लाव म्हणून, आवाज गोड आहे.

मी पीण्याला गेलो. मित्रानं हार आणून ठेवला होता. मी त्याला सगळं सांगितलं. तो बराच वेळ हातातलं फडकं पिळत बसला.

"अण्णा, खरं सांगू? त्या दिवशी मला काही ऐकू आलं नव्हतं. मला वाटलं, तुम्हाला आली असेल."

"मला वाटलं, तुला आली."

"मग दुसरी करू. ओतून घेऊ. काशाची. माझ्याकडून."

"नको," मी म्हणालो. "तिला आली."

तो म्हणाला, "सरी." मग आम्ही चहा प्यायलो आणि पॉवर प्रेस ऐकला. त्याच्या आवाजात दोन माणसांना न बोलता बसता येतं.

पहिल्या संध्याकाळी मी सोफ्यावर बसून हाकेची वाट बघितली. दिवे लागले. हाक आली नाही. मला वाटलं, विसरली. मी खोकलो. टीव्ही मोठा केला. मग बंद केला. शेवटी उठून तिच्या दाराशी गेलो आणि चप्पल घासत उभा राहिलो.

"काय रे, काय हवंय?" आई म्हणाली. ती वाती वळत होती.

"काही नाही. मी आहे."

"असशील की," ती म्हणाली आणि वाती वळत राहिली.

तिचं काम झालं होतं. मी आता तिचा होतो. राखण करायची गरज नव्हती. तिनं माझ्यावरून लक्ष काढून घेतलं, आणि मग मला दिसायला लागलं की ते लक्ष तिला किती धरून होतं. ती हलकी होत चालली. दुपारी खुर्चीत डोळे मिटून बसते तेव्हा तिचा चेहरा पुसून ठेवलेल्या भांड्यासारखा दिसतो. डॉक्टर म्हणतात, सगळं ठीक आहे, या वयात यापेक्षा काय हवं. बायको म्हणते, "इतक्या समाधानात मी त्यांना कधी बघितलं नाही," आणि मग पदरानं ओटा पुसत राहते, पुसून झालेला.

आणि गेले काही दिवस दिवेलागणीला मला ऐकू येतं.

घंटा नाही. तेवढं माझं नशीब नाही. टक. दारावर एका बोटानं वाजवावं तसं. मी दार उघडून बघितलं, जिना रिकामा. बायको म्हणते, पाण्याचा पंप असेल. मी म्हणतो, असेल. मी पेला घेऊन भिंतीला लावलेला नाही. कानातलं मशीन काढून ठेवलं तरी येतं, हे मी तिला सांगितलेलं नाही. आधी ते खूप लांबून यायचं, यशवंतपूरच्या रुळांपलीकडून. काल जरा जवळून आलं.

म्हणून हल्ली मीच हाक मारतो. दिवे लागले की सोफ्यावरून, आवाज शक्य तितका साधा ठेवून.

"आहेस का गं?"

मग थांबतो. तिला उत्तर द्यायची घाई नसते. तेवढ्या वेळात मी हॉलमधल्या सगळ्या वस्तूंकडे एकेक करून बघतो. स्वयंपाकघरात बायकोचा हात थांबलेला मला इथून कळतो.

"आहे," आई म्हणते. "तू कोथिंबीर आणायला जा."

मी जात नाही. उठून थोडा वेळ तिथंच उभा राहतो. बसत नाही.